दशरथ तांडेलाने गाडी शाकारली

दशरथ तांडेल गाडीचं दार कधी आपटत नसे. आपटायची गरजच नव्हती. दार नुसतं टेकवलं की उरलेलं अंतर ते स्वतःच ओढून घ्यायचं, शिंपलं मिटावं तसं, आवाज न करता. तीन वर्षं तो शर्मिष्ठाबाईंची ही जर्मन गाडी चालवत होता, तरी दार मिटताना हात मागे घेऊन वायंच थांबायचा आणि बघायचा.

माणूस तोंडवळीचा, मालवणच्या किनाऱ्यावरचा गाबीत, मच्छीमार जातीचा. आजा-पणजाच्या होड्या होत्या, त्यांवरचे म्होरकेही तेच, म्हणून आडनाव तांडेल. मुंबईत मढला तो आला कोळ्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून. कंबरेने दगा दिला तेव्हा जाळं सोडलं आणि स्टिअरिंग धरलं. शर्मिष्ठा प्रधान या विधवा बाईंचा मढला समुद्राकडे तोंड करून बंगला होता. तो शूटिंगला भाड्याने जायचा आणि त्यावर बाईंचं बरं चालायचं. बंगल्यामागच्या खोलीत दशरथ आणि त्याची बायको सुलक्षणा राहत.

गाडीत दशरथला सगळ्यात नवल वाटायचं सीटचं. कधीमधी बाई स्वतः चालवत; त्यांची पाठ वेगळी, त्याची वेगळी. बटण दाबलं की सीट आपली आपण पुढे-मागे सरकून ज्याची त्याची पाठ ओळखायची. पहिल्यांदा हे बघितलं त्या दिवशी घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "इतकी वर्षां झाली, तुका माझी पाठ समाजली नाय. हिका एका दिवसात समाजली."

"मगे आजचो भात तिकाच वाढूक सांगा," सुलक्षणा म्हणाली आणि खरंच उठली नाही. भात त्याने हाताने वाढून घेतला.

मे महिना संपता संपता बाई मुलीच्या बाळंतपणाला कॅनडाला निघाल्या. विमानतळावर बॅगा उतरवून झाल्यावर म्हणाल्या, "दशरथ, ऑगस्टअखेर कंपनीची वॉरंटी संपते. पुढची वाढवून घ्यायची आहे. त्यात दोन प्रकार आहेत. एकात फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स, दुसऱ्यात सगळी गाडी. कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा आणि मला फोन करा."

"मी ठरवू?"

"मग कोण? मी मागे बसते. गाडी तुम्ही ओळखता. आणि एक सांगून ठेवते, वॉरंटी वाढवून नाही मिळाली तर मी गाडी विकणार. तिच्याशिवाय असला हत्ती पोसायची माझी ताकद नाही."

हत्ती गेला की माहूतही गेला, हे बाई बोलल्या नाहीत. दशरथला ते न बोलताच पोचलं. गेल्या वर्षी त्याने साठी ओलांडली होती. आता दुसरं कोण त्याच्या हातात किल्ली देणार होतं?

निर्णय त्याने गोरेगाव ओलांडायच्या आतच घेऊन टाकला. होडीत बघायच्या गोष्टी दोन, एक सांगाडा, दुसरं इंजिन. बाकी सगळं हाताने बांधता येतं, नाहीतर दोरीने. तेव्हा इंजिनवाली वॉरंटी बस झाली. सगळी गाडी कशाला? काच काय मरणार आहे? पोचल्याचा बाईंचा फोन आला तेव्हा त्याने तेच सांगितलं.

जून लागला. मासेमारीची बंदी सुरू झाली आणि मढच्या बोटी एकामागून एक वर आल्या. लाकडी ओंडक्यांवर चढल्या, ताडपत्रीखाली गेल्या, बॅटऱ्या घरात आल्या. दशरथने ते बघितलं आणि मग पोर्चमध्ये उभ्या गाडीकडे बघितलं. बाई तीन महिने नाहीत. समोरून खारा वारा. अशा वाऱ्यात लोखंड उघडं ठेवायचं? त्याच्या बापाने होडी एक आषाढ उघडी टाकली असती तर आजाने त्याला घरात घेतला नसता.

मग त्याने ते केलं जे त्याच्या सात पिढ्या करत आल्या होत्या. चार पोरं बोलावली, जॅक लावून गाडी ओंडक्यांवर चढवली. बॅटरी काढून खोलीत आणली आणि पाटावर ठेवली. वरून ताडपत्री, ताडपत्रीवर झावळ्या, झावळ्यांवर सुंभाची दोरी. सुलक्षणा दारातून बघत होती.

"आवो, ती गाडी आसा. होडी न्हय."

"तुका काय कळता? खारो वारो लोखंड खाता."

"आणि ह्या डब्यात काय आसा?"

डब्यात मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल होतं. अल्पेश कोळ्याकडून आणलेलं. अल्पेश शेजारच्या आळीतला बोटवाला, दशरथचा जुना सोबती. आमच्या किनाऱ्यावर होडीच्या लाकडाला मोरीच्या काळजाचं तेल चोपडतात. मग पाणी आत शिरत नाही, कीड लागत नाही. दशरथने फडकं बुडवून गाडीच्या पोटाखाली, बिजागऱ्यांना, बॉनेटच्या आतल्या कडांना, जिथं जिथं हात पोचला तिथं तिथं ते चोपडलं. दोन दिवस बंगल्याच्या वाऱ्याला वास होता.

"बाई नाकाक पदर लावतली," सुलक्षणा म्हणाली.

"बाई पदर घेणत नाय," दशरथ म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्याला एकच गोष्ट माहीत नव्हती. जूनमध्ये गाडीची सर्व्हिसिंग होती. एरवी अशी वेळ आली की गाडी स्वतःच पडद्यावर अक्षरं उजळून आठवण करायची. या वेळीही केली असती. पण बॅटरी काढून त्याने तिचं तोंडच बंद केलं होतं.

नारळी पौर्णिमा जवळ आली. बोटींना रंग लागले. दशरथने झावळ्या उतरवल्या, ताडपत्री सोडली आणि गाडी खाली घेतली. रंग असा चकाकला की त्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. बॅटरी जोडली, बटण दाबलं. पडद्यावर एक दिवा पेटला, मग दुसरा, मग पिवळे-लाल सगळेच. इंजिन मात्र गप्प. पुन्हा दाबलं. गप्प.

अल्पेश बोटीचा रंग हाताला तसाच ठेवून बघायला आला. "वाट लागली रे, तांडेल."

"आता काय करू?"

"काय करतो म्हणजे? कंपनीत सांग, पावसाचं पाणी भरलं. पाऊस काय तू पाडतोस? झकास सुटशील."

दशरथने मान डोलावली. खोटं बोलायची सवय नव्हती, पण हत्ती डोळ्यांसमोर उभा होता.

कंपनीला फोन केल्यावर जेवण व्हायच्या आत एक सपाट ट्रक मढच्या रस्त्याने आला. त्याने आपली पाठ जमिनीपर्यंत तिरकी केली, दोरीने गाडी हळूहळू वर ओढून घेतली आणि परत सरळ झाला. होडी वर घेताना बारा माणसं लागतात आणि तेराव्याने ओरडायचं असतं. इथं एक पोरगा बटण धरून उभा होता आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होता. दशरथ त्याच्याशेजारी बसून अंधेरीपर्यंत मागे वळून वळून बघत राहिला.

अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरची फरशी इतकी पांढरी होती की त्याने चपला बाहेरच काढल्या.

"काका, चपला घालून या," आतून एक मुलगी हसत म्हणाली. तिच्या शर्टावर नाव होतं, किरण. तिथं आलेल्या गाड्यांचं काय ते तीच बघायची. "बोला, काय झालं गाडीला?"

"मॅडम, पावसाचं पाणी..."

"पाणी? आत शिरलं?" किरणचा चेहरा बदलला. "मग अवघड आहे हो. पाण्यात बुडालेल्या गाडीची वॉरंटी वाढवून मिळतच नाही. किती शिरलं?"

दशरथने घाईने दोन्ही हात हलवले. "शिरला नाय. पाणी बाहेरच होतं."

"बाहेर कुठं?"

"समुद्रात."

किरणने गाडीच्या डॅशबोर्डखाली एक वायर खोचली, लॅपटॉप उघडला आणि वाचायला लागली. "काका, ही गाडी जूनपासून हललेलीच नाही. बॅटरी कोणीतरी काढलेली दिसतेय. शेवटच्या दिवशी तुम्ही मालाडला जोरात ब्रेक मारला होता. आणि सर्व्हिसिंग चुकलीय."

मालाडला रिक्षावाला आडवा आला होता. ते दशरथने सुलक्षणाला सांगितलं नव्हतं, बाईंना नाही, देवालाही नाही. आणि ही मुकी बया सगळं पोटात ठेवून बसली होती! त्याला राग यायला हवा होता. आला नाही. अंगावर काटा आला.

"मी सांगतंय," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. ओंडके, झावळ्या, पाटावरची बॅटरी, मोरीचं तेल.

"तरीच!" किरण म्हणाली. मघापासून तिथला प्रत्येक माणूस नाक वर करून आपापल्या जेवणाच्या डब्याचा वास घेत होता. ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "काका, तपासणी करावी लागेल. पास झाली तर वॉरंटी मिळेल. नाही झाली तर माझ्या हातात काही नाही."

गाडी लिफ्टवर चढली. दशरथ खाली उभा राहून वर बघू लागला. त्याने आयुष्यात शेकडो होड्यांची पोटं बघितली होती, खरवडली होती, तेलाने माखली होती. हे पोट मेकॅनिकने आवरण काढून उघडलं आणि दशरथ मागेच सरला. नळ्या, त्यांच्यामागे नळ्या, आणि सगळ्यांच्या मधून काळ्या वायरींचे जुडगे, माणसाच्या हातावरच्या शिरांसारखे फुटत गेलेले. तीन वर्षं तो ह्याच्यावर बसत होता आणि त्याला वाटत होतं, खाली इंजिन आहे आणि चार चाकं आहेत.

बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात, मेकॅनिकला नारळाच्या काथ्याचं नीट विणलेलं घरटं सापडलं. उंदराचं. तेलाच्या वासावर आला होता, झावळ्यांखाली निवारा मिळाला आणि त्याने संसार मांडला होता. शेजारी एक वायर कुरतडलेली. शेवईएवढी बारीक.

"हीच," मेकॅनिक म्हणाला.

"एवढीशी?" दशरथ म्हणाला.

किरणने समजावलं, "इंजिन फिरतंय की नाही ते ही वायर गाडीच्या डोक्याला कळवते. निरोप पोचला नाही की डोकं इंजिन चालूच होऊ देत नाही."

"हिका डोक्या आसा?"

"एक नाही काका. छोटी छोटी पन्नास-साठ तरी असतील. सीटला वेगळं, दाराला वेगळं."

दशरथने दाराकडे बघितलं. शिंपल्यासारखं मिटणारं ते दार. त्यालाही डोकं होतं. इतकी डोकी एका छपराखाली नांदतात आणि भांडत नाहीत! त्याच्या वाडीत सात घरं होती, तिथं एक दिवस धड जात नसे.

"आणि ह्यातला एक डोक्या मेला तर?"

"तर ते नवीन घालायचं. महाग असतं. म्हणून तर सगळ्या गाडीची वॉरंटी."

"पण कंपनीक परवडता कसा?"

"खूप जण पैसे भरतात. सगळ्यांच्या गाड्या थोड्याच बिघडतात? ज्याची बिघडली त्याचं काम सगळ्यांच्या पैशातून होतं."

दशरथला गावची रापण आठवली. तोंडवळीला ते भलंमोठं जाळं समुद्रातून किनाऱ्यावर ओढायचे, तेव्हा अख्खी वाडी दोराला लागायची. मासळीचे वाटे पडायचे, आणि तापाने घरात पडलेल्या माणसाचाही वाटा त्याच्या दारात पोचायचा. त्या वाडीत सगळे एकमेकांना ओळखत. इथं कुलाब्याचा शेठ आणि नागपूरचा डॉक्टर, एकमेकांचं तोंड न बघितलेले, मढच्या एका दाराच्या डोक्यासाठी दोर ओढत होते. एवढी मोठी रापण त्याने ऐकली नव्हती.

गाडी पास झाली. गंज कुठंच नव्हता. पण उंदीर वॉरंटीत बसत नाही, किरण म्हणाली. वायर बदलायची, सगळं तेल धुवायचं आणि राहिलेली सर्व्हिसिंग करायची, मग वॉरंटी. त्याला बाईंची परवानगी हवी. तिने फोन लावला आणि दशरथच्या हातात दिला.

तिकडे कॅनडात सकाळ होती. मागे नातू रडत होता. दशरथने काही गाळलं नाही, रिक्षावालाही गाळला नाही.

नातवाला कोणाकडे तरी देऊन बाई पुन्हा फोनवर आल्या.

"मोरीचं तेल," बाई म्हणाल्या. "माझ्या गाडीला."

"होय बाई."

"उंदराचा खर्च निम्मा तुमच्या पगारातून."

"चालतला."

"वॉरंटी कुठली घेताय?"

"सगळ्या गाडीची."

"मी इकडे आले तेव्हा तर इंजिनाची म्हणत होतात!"

"तेवा मी तिका आतून बघूक नव्हतंय, बाई. इंजिन मरूचा नाय. मरतली ती शेवईसारखी वायर. घेवची तर सगळी घेवया."

बाईंनी पैसे भरले आणि गाडी राहिली. घरी सुलक्षणाने सगळं ऐकून घेतलं आणि भात वाढला. "उंदराक पगारातलो वाटो! त्या मेल्यान माज्यापेक्षा बरो संसार केल्यान."

पुढच्या जूनमध्ये बोटी वर आल्या. बाई पुन्हा कॅनडाला गेल्या होत्या. या वेळी आठवड्यातून एकदा गाडी फिरवायची, असं ठरलं होतं. आषाढातल्या एका दुपारी दशरथ गाडी घेऊन निघाला. वाटेत अल्पेशची बोट ताडपत्रीखाली होती आणि अल्पेश तिच्या सावलीत जाळं विणत बसला होता.

"बंदी आहे रे, तांडेल! कुठं निघाला?"

"पाग टाकूक!" दशरथ जाळं फेकल्यासारखा हात करत ओरडला.

समुद्र करडा झाला होता. नजर पोचेल तिथवर एक शीड नव्हतं, एक होडी नव्हती. त्याच्या बापाने, आजाने या दिवसांत दर्यात कधी होडी लोटली नव्हती. काचेवर दोन थेंब पडले. दशरथने कशाला हात लावला नव्हता. वायपर आपला आपण उठला, एकदा फिरला, आणि अजून पाऊस आहे का ते बघत जागेवर थांबला. दशरथही थांबला, त्याच्याबरोबर बघत.