डाव्या-उजव्याची वही

मशीनखाली चिंध्या साठत्यात बघा. आज झाडून काढा, उद्या टोपलीभर हायेतच. किश्श्यांचं बी तसंच. मी शिरूरच्या बाजारात एकतीस वरसं बायांची पोलकी शिवतेय. माप द्यायला बाई हात वर करती, आन् हात वर गेला की तिचं तोंड उघडतं. त्याला मी काय करू?

शाळा माझी तिसरीपतूर. पण आकडं पक्कं येत्यात. आन् एक गोष्ट ठणकावून सांगते, एकतीस वरसांत माझ्या हातचा एक नग परत आला न्हाई. ढिला म्हणून न्हाई, घट्ट म्हणून न्हाई. शेजारचा टेलर रोज दोन-चार पोलकी उसवत बसतो. मी शेंगा खात त्याच्याकडं बघत बसते.

गुपित सांगू? माझ्या वहीत छातीचं माप एक नसतं. दोन रकानं. डावं आन् उजवं. कारण दोन्हीकडनं सारखी बाई मी अजून बघितली न्हाई. कुणाचं डावं उतरलेलं, कुणाचं उजवं भरलेलं. मी गुपचूप एका बाजूला अस्तराचा एक पदर जादा घालते. बाई आरशात बघती, खूश व्हती, म्हणती, "मावशी, हातात जादू हाय तुमच्या."

मी म्हणते, "व्हय, हाय."

*

राहू गावाकडच्या एक बाई. मोठी शेती, वर सरपंचपद. दुकानात आल्या, दाराला कडी लावली आन् कानाशी लागल्या, "मावशी, माझी एक बाजू उतरलीया. पोटात ठेवा. माझ्या जावेला तर अजिबात कळू देऊ नका. ती एकदम सरळ हाय, जल्मभर टोमणं मारंल."

म्हटलं, "माझं पोट म्हंजी विहीर."

आठ दिसांनी जाऊबाई आल्या. कडी लावली. कानाशी लागल्या. "मावशी, थोरलीला कळू देऊ नका हां. ती एकदम सरळ हाय."

मी काय केलं, दोघींना एकाच दिशी, एकाच टायमाला पोलकी न्यायला बोलावलं. दोघींनी घातली, आरशापुढं उभ्या राहिल्या, आन् एकमेकींकडं बघून एका दमात म्हणाल्या, "तुमचं काय बाई, तुम्हाला कायबी शोभतं."

मी तोंडात टेप धरून भिंतीकडं बघत व्हते. दातांचं वण अजून हायेत टेपवर.

*

समोरच्या रेडिमेडवाल्यानं दारात एक प्लास्टिकची पुतळी आणून उभी केली. अंगावर जरीचं पोलकं. मला हाक मारून म्हणतो, "मावशी, फिटिंग बघा फिटिंग. असं जमंल का तुम्हाला?"

बाजाराचा दिवस, गर्दी ही एवढी. मी गळ्यातला टेप काढला, रस्ता ओलांडला, आन् सगळ्यांदेखत पुतळीचं माप घेतलं. डावं मोजलं. उजवं मोजलं. तंतोतंत एक.

म्हटलं, "शाब्बास रं. एकतीस वरसांत सारखी बाई ही पयलीच घावली. आन् हिला डोकं न्हाई."

दुसऱ्या दिशी पुतळी आत गेली.

*

आता सारिका. हिचं नाव बदलू का म्हणून मी इचारलं, तर म्हणली, "कशाला? चोरी केलीय का मी?" म्हणून खरं नाव सांगते.

पाबळकडची पोर. पयल्यांदा आली तवा सोळा वरसांची. आई दाराबाहेर उभी, आन् ही आत, छातीवर ओढणी चार घड्यांची. वयात आली, पण डावी बाजू वाढलीच न्हाई. उजवं अंग बाईचं, डावं पोराचं. वहीकडं बघून एवढंच म्हणली, "डावा रकाना मोकळा ठेवा."

मी तिला पॅड शिवून दिला. कापसाचा. तर कापूस हलका, पोर एसटी धरायला पळाली की पॅड गळ्याशी. म्हटलं, वजन पायजे. मऊ कापडाची पिशवी केली आन् बाजरी भरली. झकास बसलं. पण पोरीनं ते धुतलं, आन् कुणाला दिसाय नको म्हणून अंधाऱ्या खोलीत वाळत टाकलं.

चौथ्या दिशी आली. तळहातावर पॅड, शिवणीतनं पांढरं मोड बाहेर.

"मावशी," म्हणली, "पीक आलं."

ती हसली ते मी पयल्यांदा बघितलं. मग मी जी हसले, ती मशीनवरच आडवी झाले.

पुढं ती कंपनीत लागली. तिथं प्लास्टिकचं पार्ट बनत्यात. तिथल्या साहेबाला इचारून मूठभर प्लास्टिकचा दाणा घेऊन आली, त्याला मोड येत न्हाईत. भाजीवालीच्या तराजूत तोलून मी तो पॅड बनवला. दुहेरी अस्तर, मुंगीएवढं टाकं. माझ्या हातचं सगळ्यात भारी काम कुठलं इचारलं, तर जरीची पोलकी न्हाई, तो पॅड. लई वरसं वापरला पोरीनं.

*

सव्वीस वरसांची झाली तवा म्हणली, "मावशी, ऑपरेशन करून घेतेय. अंघोळ करून भाईर आले की पयला पॅड शोधायचा, याचा कटाळा आला." आईला दवाखाना म्हणलं की चक्कर येती, म्हणून पुण्याला सोबत मी गेले.

डॉक्टरीणबाई लई गोड. आत काय बसवणार ते हातात दिलं. मऊ, थंडगार. मी फिरवून फिरवून बघितलं. टाका न्हाई, जोड न्हाई, शिवण न्हाई. इचारलं, "टेलर कोण याचा?"

"आजी, कारखान्यात बनतं ते," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंना बसवू. डावीकडे मोठं, उजवीकडे छोटं. पण एक लक्षात ठेवा. सुरुवातीला दोन्ही वर चढल्यासारखी दिसतील. सूज दोन्हीकडची एका वेगानं उतरत नाही, एक बाजू मागे राहते. तीन महिने तरी आरशाचं ऐकायचं नाही."

मी ते परत दिलं. म्हटलं, "बरं हाय." दुसऱ्याच्या कामाला ह्याच्यापेक्षा जादा मी कवा म्हणत न्हाई.

*

सारिका कंपनीत क्वालिटीला हाय. म्हंजी दिवसभर पार्ट मोजायचं, आन् दोन मिलीमीटरच्या वर फरक घावला की लाल स्टिकर मारायचा. रिजेक्ट. अशी पोर आरशाचं न ऐकता गप बसंल व्हय?

तिसऱ्या आठवड्याला तिच्या घरी गेले तर भिंतीला चार्ट. रोजची तारीख, डावं, उजवं. गळ्याच्या हाडापासनं स्टीलच्या पट्टीनं मोजलेलं.

"मावशी, उजवं बावीस मिलीमीटर वर हाय. उतरंना. डावं कवाच उतरलं. मी हा पीस कंपनीत बघितला असता तर फेकून दिला असता." बोलता बोलता डोळं भरलं. "आधी एक न्हवतं. आता दोन हायेत आन् दोघांचं पटंना. मी सांगून टाकते डॉक्टरांना, दोन्ही काढा. त्यापरीस पॅड बरा."

मी आधी हात लावून बघितलं. ताप न्हाई, लाली न्हाई, ठणका न्हाई. मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सारिकानं फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. उजव्या हाताचं माणूस, तो हात स्वस्थ बसत नाही, म्हणून तिकडची सूज मागे आहे. थांबा."

पण थांब म्हणलं की थांबंल ती सारिका कसली.

मी पिशवीतनं वही काढली. नावं हातानं झाकली आन् म्हटलं, "वाच. तुझ्याच कामाचं हाय."

पोरीनं बोट ठेवून डावं-उजवं, डावं-उजवं, चार पानं वाचली. मग वर बघितलं.

"मावशी, अख्खा लॉट रिजेक्ट हाय की हो."

"व्हय," म्हटलं, "आन् सगळा वापरात हाय."

*

हसली, पण हट्ट सोडंना. "मग मला उजव्या-डाव्याचा फरक भरून काढंल असा पॅड शिवा. बारका."

आता मी पेचात. पॅड दिला तर पोर जल्मभर त्याच्यातच राहील. न्हाई म्हणलं तर जाऊन काढून येईल. मी म्हटलं, "शिवते की. पण आधी पॅड घालून बघायचा, तवर पट्टी बंद. मग काढायचं बोलायचं. न्हाई जमलं तर काढायला तुझ्यासंगं मी येते. वचन?"

"वचन. कवा देता?"

"गुरुवारी ये."

आयुष्यात मी टाइम चुकवला न्हाई. शेजारचा टेलर चुकवतो, मी न्हाई. पण त्या गुरुवारी पोर आली आन् मी म्हटलं, "अगं, अस्तर संपलं. सोमवारी ये." सोमवारी म्हटलं, "लाईट न्हवती." माझी मशीन पायाची. पुढच्या खेपंला म्हटलं, "तयारच हाय गं, काज-बटण तेवढं राहिलंय."

पोरगी दारातच थांबली. "मावशी, पॅडला काज-बटण?"

"नवी फॅशन हाय."

शेजारचा टेलर कान देऊन ऐकत व्हता. म्हणला, "काय मावशी, तुम्हीबी आमच्यात आला का?" एकतीस वरसांची अब्रू गेली त्या दोन महिन्यांत. म्हटलं, जाऊ दे. पोर जवा यायची तवा मी डोळ्यानं माप घ्यायची, ती गेली की वहीत मांडायची. उजवं उतरत व्हतं. पण तिला मी सांगितलं न्हाई. मी सांगून काय उपेग, तिची पट्टी बोलाय पायजे.

*

तीन महिनं होऊन वर आठ दिवस झालं. सकाळचा टाइम. सारिका आली ती कंपनीच्या टी-शर्टवर. ओढणी न्हाई, जाकीट न्हाई. पाठ सरळ. भर बाजारातनं चालत आली, रेडिमेडवाल्याच्या दारावरनं.

मी आपली सवयीनं म्हटलं, "अगं, पॅडचं बटण..."

"ऱ्हाऊ द्या," म्हणली. पडद्याआड गेली, पट्टी काढली, मोजलं. मी बाहेर सुई धरून बसले, दोरा काय ववंना.

"पाच मिलीमीटर," आतनं आवाज आला.

"मग? तुमच्या कंपनीत दोनच चालत्यात ना?"

मग म्हणली, "तिथं मापाचं ड्रॉइंग असतं मावशी. ह्याचं कुठं हाय?"

बाहेर आली. वही मागितली. तिचं पान काढलं. मोकळा रकाना स्वतःच्या हातानं भरला, आन् वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. बसचा हॉर्न वाजला तशी पळाली. पळाली, पण गळ्याशी हात गेला न्हाई.

ती गेल्यावर मी कात्री घ्यायला टेबलाकडं वळले. तिथं जुना पॅड. दाण्याचा, मुंगीएवढ्या टाक्यांचा. त्याच्यावर लाल स्टिकर. रिजेक्ट. खाली तारीख आन् सारिकाची सही.

एकतीस वरसांत परत आलेला पयला नग.

मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगलाय, स्टिकर समोर दिसंल असा. गिऱ्हाईक हात लावायला जातं आन् इचारतं, "मावशी, हे काय हो?"

मी म्हणते, "आधी हात धुऊन या."