मान्यतेचा सोबतचा कागद

“बापानं नीट चौकशी केली नसेल.” माझं एक वर्ष कसं मातीत गेलं हे कुणाला सांगितलं की समोरून हमखास हेच येतं. म्हणून आधी तेच सांगून टाकते. चौकशी केली होती. माझे बाबा डोणगावला पोस्टमन होते. शिक्के, सह्या, सरकारी कागद यांतच त्यांची हयात गेली. ते अडाणी होते म्हणून फसले नाहीत. त्यांना ठरवून फसवलं गेलं, आणि ज्याने फसवलं त्याचा हार घातलेला फोटो पुढे त्याच्याच संस्थेच्या भिंतीवर लागला.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक पास झाले होते आणि माझ्यासोबत आमच्या गावच्या दर्जीचाचांची मुलगीही. शाळेत शेवटपर्यंत टिकलेल्या मुली आम्ही दोघीच. दोघींनाही मास्तरीण व्हायचं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव निघत होत्या, पण नोकरीसाठी अध्यापक विद्यालयाचा दोन वर्षांचा कोर्स लागायचा. सरकारी विद्यालय बुलढाण्याला होतं. तिथे वसतिगृहात राहावं लागलं असतं, आणि मुलगी परगावी राहणार नाही, असं चाचांनी स्वच्छ सांगितलं होतं.

तेवढ्यात तालुक्याच्या गावी नवं खाजगी विद्यालय निघालं. सकाळच्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळच्या एस.टी.ने घरी. संस्थेचे अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक होते आणि वर्ग जिनिंगच्याच मागच्या गोदामात भरायचे. दारावर पाटी होती, “सरकारमान्य”.

बाबा पाटीवर जाणारे नव्हते. आम्हा दोघींना घेऊन ते थेट अध्यक्षांपुढे उभे राहिले.

“पाटी काय, कोणी बी रंगवते साहेब. मले मान्यतेचं पत्र दाखवा.”

अध्यक्ष हसले. “पोस्टमन पक्का दिसते,” म्हणाले आणि खणातून एक कागद काढून त्यांनी बाबांपुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावला. जावक क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, शिक्षण खात्याचा शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. सगळं खरं होतं. त्या पत्रात एक ओळ होती, “सोबत जोडलेल्या अटींवर ही मान्यता देण्यात येत आहे.” अशी ओळ प्रत्येक सरकारी पत्रात असते. बाबांनी ती वाचली आणि पुढे गेले. सोबत काही जोडलेलं नव्हतं, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

संध्याकाळी बाबा चाचांच्या दुकानात गेले. “माह्या डोळ्यानं पत्र पाह्यलं. काम पक्कं हाय,” ते म्हणाले. चाचांनी शिलाई मशीन थांबवलं, थोडा विचार केला आणि मुलीला पाठवायला कबूल झाले. पत्रावर नव्हे, बाबांच्या शब्दावर.

हजेरीत माझा नंबर चौदा, तिचा पंधरा. गोदामात सरकीचा वास यायचा, वेणीत कापसाचे तंतू अडकायचे, पण आम्ही एक दिवस चुकवला नाही. पाठाच्या टाचणवह्या एस.टी.त मांडीवर ठेवून लिहायचो. दिवाळीनंतर अचानक वर्गात गर्दी झाली. वीसेक नवे चेहरे आले, त्यांत अध्यक्षांची पुतणीही होती. बाकं पुरेनात, म्हणून गोण्या अंथरल्या. आम्हाला वाटलं, शाळा वाढते आहे. आम्हाला आनंदच झाला होता, हे आठवलं की आज स्वतःचीच चीड येते.

पुढे परीक्षेचे फॉर्म आले. प्राचार्यांनी एकेक नाव वाचलं. चाळीस नावं झाली आणि त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. आमची दोघींची नावं आलीच नाहीत. दिवाळीनंतर आलेल्या सगळ्यांची आली.

“सर, आमचे फॉर्म?”

“अध्यक्षांले विचारा,” ते म्हणाले, आणि खडू ठेवून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. अध्यक्ष त्याच खुर्चीत होते. “मान्यता चाळीस जागांचीच हाय ना,” ते म्हणाले, जणू हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असायला हवं होतं. “बाकीच्यांचं पुढच्या साली पाहू.”

“पण साहेब, पोरींचा नंबर चौदा-पंधरा हाय.”

“हजेरीचा नंबर वेगळा, मंजूर यादी वेगळी.” मग आमच्याकडे न बघताच ते बोलले, “अन् पोरीचं एक साल गेलं त काय बिघडते? नाहीतरी घरीच त बसायचं होतं.”

मी म्हणाले, “तुमची पुतणी दिवाळीनंतर आली. तिचा फॉर्म कसा भरला?”

अध्यक्षांनी बाबांकडे पाहिलं. “पोरीले आवरा, पोस्टमन.”

बाबांनी माझा हात धरला आणि मला बाहेर आणलं. तो हात मी रस्त्यात झटकून टाकला. आयुष्यात मी बाबांशी असं एकदाच वागले.

बुलढाण्याला जायचं त्यांनीच ठरवलं. आम्ही तिघं पहिल्या गाडीने निघालो. शिक्षण खात्याच्या कचेरीत एक म्हातारे कारकून होते. त्यांनी आम्हाला हाकललं नाही, फाईल काढली. त्यात तेच पत्र होतं आणि त्याला टाचणीने लावलेला दुसरा कागद. अटींचा. पहिलीच अट, प्रवेशसंख्या चाळीस.

“हा नाही पाह्यला तुम्ही?” कारकुनांनी विचारलं.

“मले दाखवलाच नाही.”

“मागा लागते, भाऊ. संस्थेले मान्यता हाय एवढ्यानं भागत नाही. कोणत्या कोर्सले हाय, किती जागांले, कोणत्या सालापर्यंत, हे पाहा लागते. अन् तुमच्या लेकराचं नाव आमच्याकडं आलेल्या यादीत हाय का, ते इथं येऊन विचारा लागते.”

बाबा मान हलवत होते. मी पुढे वाकून विचारलं, “आमची नावं आलीच नव्हती का?”

कारकुनांनी पानं उलटली. पहिली यादी निघाली. चौदावं नाव माझं, पंधरावं तिचं. दोन्ही नावांवर लाल शाईची रेघ. त्यामागे दिवाळीनंतर पाठवलेली “सुधारित यादी”. सुधारित! आमच्या जागी दुसरी दोन नावं होती आणि शेऱ्याच्या रकान्यात आमच्याविषयी लिहिलं होतं, “सतत गैरहजर, शाळा सोडली.”

माझ्या मैत्रिणीने त्या शेऱ्यावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “मी एक दिवस बी खाडा नाही केला.” कारकुनांनी चष्मा पुसायला घेतला.

आम्ही तिथेच बाहेरच्या बाकावर बसून तक्रार लिहिली. परत आल्यावर मी फॉर्म न मिळालेल्या प्रत्येकाच्या घरी गेले. वीसेक जण होते, सह्या दिल्या सहा जणांनी. बाकीच्यांना अध्यक्षांनी पुढच्या वर्षीचं आमिष दाखवलं होतं. चौकशीला एक अधिकारी आले. त्यांनी हजेरीपट मागितला तर दिवाळीआधीच्या महिन्यांचा हजेरीपट उधईने खाल्ला म्हणून सांगण्यात आलं. गोदामभर कागद होते, उधईने नेमके तेवढेच खाल्ले. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, अध्यक्षांच्या घरी जेवण केलं आणि गाडीत बसून गेले. पुढच्या वर्षी संस्थेच्या जागा चाळीसच्या ऐंशी झाल्या. मोठी गरज दिसून आली म्हणे. ती गरज म्हणजे आम्ही!

जूनमध्ये माझं नाव बुलढाण्याच्या सरकारी विद्यालयात लागलं. या खेपेला बाबांनी प्रवेशाच्या आधी कचेरीत जाऊन मला लाज वाटेपर्यंत प्रश्न विचारले. चाचांकडेही ते दोनदा गेले, मुलीचा अर्ज भरायची परवानगी मागायला. दुसऱ्या वेळी मी दुकानाबाहेर उभी होते. चाचा शांतपणे म्हणाले, “भाई, आपके बोलने पे भेजा था. अब नहीं.” त्यानंतर बाबा त्या रस्त्याने टपाल वाटायला जायचे ते मान खाली घालून. शिकून नोकरी लागेपर्यंत प्रत्येक सुट्टीत मी हे पाहिलं. अध्यक्षांनी माझं एक वर्ष नेलं, पण बाबांचा गावातला मान नेला, त्याचा हिशोब कोणत्या कचेरीत मागायचा?

मैत्रिणीचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात लोणारला झालं. मी नोकरीला लागले. आमच्या जागी बसलेल्या मुली माझ्या एक वर्ष आधी लागल्या आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत जन्मभर माझ्या वर राहिल्या. दरवर्षी ती यादी आली की माझं डोकं फिरायचं.

पुष्कळ वर्षांनी शाळेची सहल घेऊन लोणारला गेले. सरोवर दाखवून झाल्यावर मुलांना बाजारात रांगेने चालवत होते, तर एका कापडाच्या दुकानात ती गल्ल्यावर बसलेली दिसली. तिने मला लगेच ओळखलं. मुलांना पाणी दिलं, मला आत बसवलं. मी बोलायला लागले ते थेट अध्यक्षांवरच. तो लाल रेघेचा कागद, ती उधई, तो हारवाला फोटो. माझा आवाज चढला असावा, कारण गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “त्याचं काय बोलून राह्यली तू? तो कोण माहा?”

“म्हणजे?”

“तू बुलढाण्याले शिकायले गेली तवा मले सांगतलं बी नाही. मी अब्बाच्या दुकानाच्या दारात उभी होती. तू एस.टी.त खिडकीपाशी होती. तू पाह्यलं मले, अन् तोंड फिरवलं.”

मी पाहिलं होतं. ते मी विसरले नव्हते, फक्त कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“मले वाटलं, तुले वाईट वाटीन,” मी म्हणाले.

“वाटलंच ना.”

बाहेर मुलांचा गलका वाढला. तिने उठून दोघांना दटावलं, रांग नीट लावून दिली, आणि मोठ्या आवाजात त्यांची मोजणी सुरू केली. मी आतच बसून होते.