आधी एक घास

बसवकल्याणहून उमरग्याला निघालेल्या बसमध्ये माझ्याशेजारी एक म्हातारे अण्णा बसले होते. बोलता बोलता कळलं, की दिल्लीत पंतप्रधानांच्या बंगल्यावर ते स्वयंपाकी होते. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. पंतप्रधानांचे अधिकार मला तोंडपाठ आहेत, पण पंतप्रधान घरात कसे असतात हे सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता आणि आमची सोबत उमरग्यापर्यंतच होती. मी सरसावून बसले.

"अण्णा, घरच्यांवर चिडायचे का वो ते?"

माझ्या प्रत्येक प्रश्नाला अण्णा खांद्यावरच्या पंच्याची घडी मोडत, पुन्हा घालत आणि म्हणत, "घरातलं भाईर बोलायचं न्हाई, अक्का."

"मग जेवायला काय आवडायचं, तेवढं तरी सांगा."

ते हसले. "ज्वारीची भाकर. पर गरम कधी मिळाली न्हाई बगा. आधी आमी खायचं, अर्धा घंटा थांबायचं. आमाला काय झालं न्हाई, मग ताट आत जायचं. एकदा सोताच सैपाकघरात आले, तव्यावरची द्या म्हनले. सुरक्षेच्या साहेब लोकांनी न्हाई म्हनलं. गप निघून गेले."

थोड्या वेळानं अण्णांनी डबा उघडला. कडक भाकरीचा एक तुकडा मोडून खाल्ला आणि डब्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळानं उरलेली भाकरी माझ्यापुढे केली.

"खावा आता."

मी ती दोन्ही हातांनी घेतली. भाकरी मी रोज खाते, पण माझ्यासाठी कुणी कधी आधी खाऊन बघितली नव्हती.