देवघरातली हिरवी बुरशी

भैरवगढ़च्या पुढच्या एका गावातली शेतकरीण पिशवी घेऊन शहरातल्या आमच्या नानाखेड्याच्या घरी आली, तेव्हा मी कॉलेजातून नुकतीच परतले होते. पिशवीत अश्वगंधेची उपटलेली रोपं होती. पानं पिवळी पडलेली, आणि मूळ चिमटीत धरलं की साल निघून हातात येत होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्या वर्षी पहिल्यांदाच सोयाबीन सोडून अश्वगंधा लावली होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि झाडांच्या बुरशीजन्य रोगांवर काम करते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"मैडम, बच्चे जैसे पाले थे," ती म्हणाली. "आधा खेत गल गया."

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांना मी आईच म्हणते. त्यांनी ते मूळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"अगं, मी गुडघ्यांसाठी दुधातून घेते ती पावडर याचीच का?"

"याचीच."

"मग हिनं यावर जहरी औषध मारलं, तर ते माझ्याच पोटात जाणार की!"

अडचण नेमकी तीच होती. या पिकाचं मूळच औषध म्हणून विकलं जातं. रसायनाचा अंश सापडला तर व्यापारी माल परत पाठवतो. मी त्या बाईला सांगितलं, की जमिनीत रोगाची बुरशी असते, तशी तिला खाऊन टाकणारी बुरशीही असते. ती शोधून वाढवली आणि शेणखतातून शेतात घातली, तर पुढच्या पेरणीला उपयोग होईल. या वर्षीचं गेलेलं पीक मात्र परत येणार नाही. तिनं रोपं पुन्हा पिशवीत भरली. मग म्हणाली, "अगले साल सही. आप करके तो देखो."

त्याच आठवड्यात मी तिच्या शेतावर गेले. सडलेल्या रोपांच्या मधोमध काही रोपं धडधाकट उभी होती. त्यांच्या मुळांभोवतीची माती मी आणली. त्या मातीतून ट्रायकोडर्मा निघाली, मला हवी होती तीच बुरशी. काचेच्या बशीत एका बाजूला मूळ सडवणारी आणि दुसऱ्या बाजूला ही, अशा दोघी समोरासमोर ठेवल्या. ट्रायकोडर्मा पसरत पसरत दुसरीच्या अंगावर चढली आणि तिनं तिला झाकून टाकलं. मी ती बशी स्टाफरूममधल्या सगळ्यांना दाखवत फिरले.

आता ती भरपूर वाढवायची होती, उकडलेल्या ज्वारीवर. आणि पेरणी तोंडावर असताना कॉलेजातलं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागला. मी घरी येऊन आईंना मोठा प्रेशर कुकर मागितला.

"कशाला?"

"बुरशी वाढवायला."

"दिमाग ठिकाणावर आहे ना तुझा?" त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. त्यांच्या लोणच्याच्या बरणीला कधी बुरशी शिवली नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "जन्मभर मी जिला घरात येऊ दिलं नाही, तिला तू माझ्या कुकरमधून आणणार?"

मी वाद घातला नाही. देवास गेटच्या बाजारातून नवा कुकर आणला आणि मागच्या ओट्यावर काम मांडलं. ज्वारी पिशव्यांत भरून, कापसाचे बोळे लावून कुकरमध्ये शिजवली. थंड झाल्यावर स्पिरिटच्या दिव्याजवळ बसून पिशव्यांत ट्रायकोडर्मा सोडली. काही दिवसांनी पाहते तर बहुतेक पिशव्यांत काळे ठिपके. ओट्यावरच्या वाऱ्यानं भलतीच बुरशी आत शिरली होती. सगळी ज्वारी फेकावी लागली. मी पायरीवर बसून राहिले.

आई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय चुकलं?"

"वारा. जिथं हवा हलत नाही अशी बंद जागा हवी. आपल्या घरात तशी जागा..." मी थांबले. तशी खोली एकच होती, बिनखिडकीचं देवघर. ते मागायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर देव हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या पाटावर बसले होते. देवघर रिकामं, फरशी धुऊन पुसून लख्ख.

"आई!"

"देव काही दिवस बाहेर बसतील. त्यांना कुठं वाऱ्याचा त्रास होतो? ती बाई वाट बघत असेल, तू कामाला लाग."

मग आम्ही दोघींनी मिळून काम केलं. त्या अंघोळ करून, डोक्याला स्वच्छ फडकं बांधून आत यायच्या. पिशवीचं तोंड त्या उघडायच्या, बुरशीचं बी मी सोडायची, बोळा त्या लावायच्या. मी काम करताना बोलले, की "तोंड मिट" म्हणून दटावायच्या. ज्वारीवर आधी पांढरी जाळी पसरली, मग एके सकाळी त्यांचीच हाक आली, "अगं, हिरवी झाली! सगळी हिरवी झाली!" लोणचं मुरल्याच्या आनंदातही त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ती ज्वारी आम्ही शेतावर नेली. मुरलेल्या शेणखतात कालवून, सावलीत ओल्या पोत्यांखाली ढीग ठेवला, आणि पेरणीच्या वेळी ते खत शेतात घातलं. एक पट्टा मुद्दाम तसाच सोडला, तुलना करता यावी म्हणून. बाईच्या नवऱ्याला ते पटत नव्हतं, पण तिनं त्याला गप्प केलं.

थंडीत काढणी होती. आई हट्टानं बरोबर आल्या. सोडलेल्या पट्ट्यात जागोजागी रोपं मेलेली होती. खताच्या भागात पीक दाट उभं होतं. खालच्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं, तिथं मात्र आमचीही रोपं सडली. ते मी काढणी बघायला जमलेल्या शेतकऱ्यांना लपवून न ठेवता दाखवलं. बाकी शेतातून मुळं निघत होती ती जाड, सरळ, फिकट रंगाची. बाईनं एक मूळ मोडलं. कट्ट करून तुटलं. तिनं डोळे पुसले आणि हसली.

एका शेतकऱ्यानं विचारलं, ही दवा कुठल्या कंपनीची?

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाल्या. "कंपनी की नहीं है, भैया. ये हमारी बहू ने बनाई है. हमारे देवघर में."

माझ्या शोधनिबंधांवर आजवर बऱ्याच जणांनी बरं-वाईट लिहिलं आहे. पण त्या बांधावर, चिखलानं भरलेल्या चपलांत उभं असताना माझी मान जितकी ताठ झाली, तितकी कधी झाली नव्हती.

पुढच्या पेरणीच्या आधी त्या बाईचा फोन आला. मागच्या खताचं विरजण लावून नवं खत तिनं स्वतःच तयार केलं होतं, गावातल्या आणखी बायकांना घेऊन. "आप बस देख लो, मैडम." मी गेले. पोतं बाजूला करून ढिगात हात घातला. खत मोकळं, ओलसर होतं, आणि आतपर्यंत हिरवी झाक पसरली होती. मला सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"बढ़िया है," मी म्हणाले. त्यांनी लगेच फावडी उचलली.