बाहेरचं वर्तुळ

मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रोज सकाळी लोकांची शी तपासते. शी, लघवी, थुंकी, जखमेतला पू. छोट्या डब्या ट्रेमध्ये भरून येतात, मी त्या उघडते, नमुना प्लेटवर पसरते आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणते जंतू उगवलेत ते बघते. तुला किळस नाही का येत, असं लोक विचारतात. सुरुवातीला आली असेल, आता आठवत नाही. मला खरोखर मळमळलं ते एका स्वच्छ, सुंदर माळावर, आणि तिथे जमलेले सगळे घरून आंघोळ करून आले होते.

मी पेगन, म्हणजे निसर्ग पुजणारी, कशी झाले ते आधी सांगते. लॅबमध्ये नोकरी लागली त्या वर्षी मी रानटी वनस्पती ओळखण्याच्या एका क्लासला जाऊ लागले. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून कंटाळा यायचा, म्हणून. क्लास घेणाऱ्या बाई साठीच्या होत्या, पूर्वी शाळेत नाटक शिकवायच्या. एकदा त्यांनी मगवर्ट नावाचं एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. दवण्याचा वास! नागपूर सोडल्यापासून तो वास मला कुठे आला नव्हता. मी इतकी चकित झाले की बाईंनी मला क्लासनंतर थांबवून घेतलं आणि त्यांच्या ग्रुपबद्दल सांगितलं.

ग्रुप म्हणजे दहा-बारा माणसं. पेनाइन्स डोंगरांच्या पायथ्याशी एका खेड्याच्या हॉलमध्ये जमायची. चर्च यायच्या आधी या मातीत जे पाळलं जायचं असं ते मानत, ते पाळायची. थंडीचा, पेरणीचा, कापणीचा, असे वर्षाचे आठ सण, चंद्राच्या कला, वनस्पती, भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते, मंत्र. बाई आमच्या प्रीस्टेस, विधी सुरू करून देणाऱ्या. मी मनात त्यांना बाईच म्हणायचे, शाळेतल्यासारखं. झाडाशी बोलल्याने माझ्या प्लेटवरचे जंतू मरणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी गोल उभं राहून, हात धरून, हिवाळा संपतोय असं मोठ्याने म्हणण्यात मला फार बरं वाटायचं. लॅबमध्ये हिवाळा संपलेला कळतच नाही.

नोकरी आणि हे, दोन्ही सांभाळणं म्हणजे मुख्यतः ड्यूट्यांचा रोटा सांभाळणं. ख्रिसमसची ड्यूटी मी दरवर्षी आपणहून घ्यायचे आणि बदल्यात मे महिन्याचा पहिला दिवस, आमचा उन्हाळ्याच्या स्वागताचा सण, मागायचे. शेजारच्या बेंचवरचा सहकारी एवढ्यावरून समजायचं ते समजला. ऑक्टोबर संपत आला की तो माझ्या मायक्रोस्कोपवर हॅलोवीनची, चेटकीण घालते तसली प्लास्टिकची काळी टोपी घालून ठेवायचा. मी ती कचऱ्यात टाकायचे आणि तो पुढच्या वर्षी नवी आणायचा. त्याचा राग यायचा, पण त्यात विष नव्हतं.

लेस्टरला बाबांना मात्र हे मुळीच पटलं नाही. आम्ही बौद्ध. मी दहा वर्षांची असताना आईबाबा नागपूरहून लेस्टरला आले. घरात देव्हारा कधीच नव्हता. भिंतीवर बुद्धाचं चित्र आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. बाबांनी टॅरोचे पत्ते माझ्या बॅगेत पाहिले तेव्हा चहा तसाच ठेवला.

"आम्ही तेहेतीस कोटी सोडून आलो, आणि तू झाडाला दिवे लावतेस?"

"बाबा, इथे देव नाही, भटजी नाही. कुणीही मधे उभं राहून बोलू शकतं."

"आज नाही," बाबा म्हणाले. "थांब थोडी. मंत्र आला की मंत्र सांगणारा येतोच."

मला तेव्हा वाटलं, बाबांना सगळीकडे तेच दिसतं.

मग एका हिवाळ्यात बाई भारतात गेल्या. कुठल्याशा आश्रमात दोन-तीन महिने राहून आल्या आणि येताना नवे शब्द घेऊन आल्या. शुद्धी. सात्त्विक. त्या शब्द उच्चारायच्या आणि सगळे माझ्याकडे वळून बघायचे, बरोबर आहे ना, म्हणून. मी मान हलवायचे. प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं आणि एकत्र जेवायचं अशी आमची पद्धत होती. मी नेहमीप्रमाणे अंड्याचा रस्सा नेला. बाईंनी डबा हातात घेतला, झाकण न उघडताच वास घेतला आणि हॉलच्या दाराशी, जिथे आम्ही बूट काढायचो, तिथल्या स्टुलावर ठेवला.

"लसूण आहे ना यात?" त्या गोड हसून म्हणाल्या. "ज्यांना हवंय ते तिथून घेतील."

बुटांपाशी जाऊन माझी एक मैत्रीण तेवढी जेवली. ती बोल्टनची, एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायची, आंघोळ घालण्यापासून डायपर बदलण्यापर्यंत. मला सभेला न्यायला-आणायला गाडी तिचीच असायची. उभ्या उभ्या रस्सा खाताना ती म्हणाली, "बरंच झालं, आपल्यालाच जास्त."

मी हसले.

त्यानंतर बाईंनी मला बाजूला घेतलं. "तू लॅबमधून सरळ इकडे येतेस का?"

"शनिवारची शिफ्ट असली तर, हो. पण तिथे हातमोजे असतात, कोट असतो, निघताना हात धुतेच."

"हाताचं नाही म्हणत मी. दिवसभर मळात, रक्तात राहिलं की माणसाला एक जड ऊर्जा चिकटते. तुझा दोष नाही गं. फक्त थोडे दिवस तू बाहेरच्या वर्तुळात उभी राहा."

बाहेरचं वर्तुळ हे नवीन होतं. आधी एकच असायचं. आता आतल्या वर्तुळात आठ-नऊ जण हात धरून, आणि त्यांच्या पाठीमागे, चार पावलांवर, मी आणि माझी बोल्टनची मैत्रीण. आतल्यांच्या पाठी बघत आम्ही मंत्र म्हणायचो. मैत्रीण कुजबुजली, "आपल्याला मागचा बाक मिळाला." मला कळत होतं की हे काहीतरी ओळखीचं आहे. पण समोर गोरी माणसं, मेंढ्यांचं कुरण, लोकरीच्या टोप्या. इथे ते कसं असेल, अशी मी माझीच समजूत काढत राहिले. लॅबमधून निघताना हात आधीपेक्षा जास्त वेळ घासू लागले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. सहकाऱ्याने क्रीमची ट्यूब पुढे केली. "एवढं काय घासतेस? आपला साबण काय कमी आहे?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

पुढच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला झऱ्याचा सण आला. थंडी उतरणीला लागली म्हणून झऱ्याला फुलं वाहायची आणि प्रत्येकाने त्याचं पाणी घ्यायचं. खेड्याच्या वर, माळावर एका खडकातून पाणी येतं. दुपारी आम्ही सगळे चढून गेलो. स्वच्छ ऊन होतं, गवतावर पातळ बर्फ. आधीच्या वर्षांत प्रत्येक जण वाकून ओंजळ भरायचा आणि पाणी कपाळाला लावायचा. या वर्षी बाईंनी तांब्या आणला होता. चक्क आपला, पितळेचा. आश्रमातून आणलेला. आतल्या वर्तुळातले एकेक करून झऱ्यावर गेले, हात बुडवून आले. मग आम्ही दोघी पुढे झालो, तेव्हा बाईंनी हात आडवा केला.

"तुम्ही पाण्याला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तिथेच थांबा. ओंजळ करा."

आणि त्यांनी तांब्या भरला, चांगला हातभर उंच धरला, आणि वरून पाणी सोडलं. तांब्याचा काठ माझ्या हाताला लागू नये म्हणून त्या अंग मागे घेत होत्या. बर्फासारखं पाणी माझ्या ओंजळीत पडलं.

मी ओंजळीकडे बघत राहिले. पोटातून काहीतरी वर आलं, जिभेच्या मागे आंबट. हे मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, अनुभवलं नव्हतं, पण ज्या घरात मी जन्मले तिथे हे माहीत नसलेलं माणूस नाही. वरून सोडलेलं पाणी. न लागणारा काठ. मी हात उघडले, पाणी माझ्या बुटांवर सांडलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या लोकांना असं पाणी द्यायचे," मी म्हणाले. इंग्रजीत हे वाक्य किती लहान आणि निरुपद्रवी होतं! "विहिरीला हात लावू द्यायचे नाहीत. आम्ही विटाळ करतो म्हणून."

बाईंचा चेहरा दुखावला गेला. खरंच दुखावला, मला तेच जास्त घाण वाटलं. "पण अगं," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "हे तर तुमच्याच संस्कृतीतलं आहे. मला वाटलं होतं, तुला आपलेपणा वाटेल."

मागून कुणीतरी म्हणालं, "आज नको ना राजकारण." आणखी कुणीतरी, बारीक आवाजात, माझ्यासाठीच गुणगुणू लागलं, मला शांत करणारा मंत्र.

मी त्यांच्यामधून झऱ्यावर गेले आणि दोन्ही हात कोपरांपर्यंत पाण्यात घातले. जॅकेटसकट. प्यायले नाही. वर उतारावर मेंढ्या चरत होत्या आणि त्या पाण्यात काय असणार हे मला चांगलं माहीत होतं. पण हात मी तसेच ठेवले, बधिर होईपर्यंत. कुणी अडवलं नाही. कुणी जवळही आलं नाही. मग मी उठले आणि उतरायला लागले. मैत्रीण माझ्यामागे येईल असं मला वाटलं होतं. अर्ध्या वाटेत मागे वळून पाहिलं तेव्हा ती बाईंसमोर उभी होती, ओंजळ पुढे करून.

स्टेशनपर्यंत चालत गेले. ट्रेनमध्ये बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. शेजारच्या माणसाने आपली बॅग उचलून मांडीवर घेतली, ओली होऊ नये म्हणून, आणि तेवढ्यानेही मला रडू आलं.

त्या दिवसापासून मी त्या बाईला अहोजाहो करत नाही.

तिचा ईमेल आला. तिने लिहिलं होतं की माझ्यात पूर्वजांची एक जखम आहे, ती तिला दिसली, आणि माझ्यासाठी खास विधी करायची तिची तयारी आहे. शेवटी 'प्रेम आणि प्रकाश'. लॅबमध्ये चहाच्या वेळी मी तो वाचला आणि उठून टॉयलेटमध्ये जाऊन ओकले. काम करताना हे कधी झालं नव्हतं. सहकारी दाराबाहेर उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि मग म्हणाला, "म्हणजे तिने फक्त पाणी ओतलं?"

"हो," मी म्हणाले. "फक्त पाणी ओतलं."

पुन्हा समजावून सांगायची शक्ती नव्हती. पुढच्या आठवड्यात तोच येऊन म्हणाला, "मी त्याबद्दल वाचलं थोडं. मूर्खासारखं बोललो मी." त्याने टोपीचा विषय परत काढला नाही.

लेस्टरला गेले तेव्हा बाबांना सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. 'मी म्हणालो होतो' हे ऐकायचं नव्हतं. पण जेवता जेवता सांगून टाकलं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"माझी आई," ते म्हणाले, "गावात कुणाच्या दारात पाणी प्यायची नाही. कितीही ऊन असो. मी लहान होतो, मला तहान लागली की रडायचो, तरी ओंजळ करू द्यायची नाही. घरी चल, म्हणायची. मला तिचा राग यायचा."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"तुम्ही म्हणाला होतात ना," मी म्हणाले. "मंत्र सांगणारा येतो म्हणून."

"मी भटजीचं म्हणालो होतो गं." बाबांनी ताट बाजूला सरकवलं. "हे तिथेही पोचलं असेल असं मला कुठे वाटलं होतं? मी तर तुला यापासून लांब आणलं होतं."

वसंतात बोल्टनच्या मैत्रिणीचा फोन आला. ग्रुपमध्ये तिच्याकडून वेदीवरची कापडं धुऊन घ्यायचे, पण अंथरायला दुसरी कुणी. एक दिवस तिने विचारलं, मी का नाही अंथरायची? तर बाई म्हणाली, तुझ्या हातांनी दिवसभर काय केलेलं असतं ते तुला माहीत आहे. मैत्रिणीने ओली कापडं तिथेच जमिनीवर टाकली आणि निघून आली.

"मला तेव्हा कळलं नाही," ती फोनवर म्हणाली. "मला वाटलं, तू उगाच तमाशा करतेस."

"हो, मला दिसलं होतं."

"रागावली आहेस?"

"आहे."

ती रविवारी घरी आली तरीही. येताना केक घेऊन. आपण दोघी मिळून वेगळा ग्रुप काढू या का, म्हणाली. मी नाही म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. केअर होममधल्या एका आजोबांबद्दल सांगत बसली, जे तिला रोज आपली मेलेली बायको समजतात आणि ती रोज तसं समजू देते.

मेच्या पहिल्या दिवसाची रजा मी आधीच घेऊन ठेवली होती, ती रद्द केली नाही. सकाळी कालव्याच्या काठाने एकटीच चालत गेले. हॉथॉर्नचं झाड पांढरंशुभ्र फुललं होतं. त्याच्या फुलांना जरा कुजका वास येतो, पुष्कळांना तो सोसत नाही. मी झाडाखाली उभी राहिले आणि दरवर्षीचे उन्हाळ्याच्या स्वागताचे शब्द म्हणायला तोंड उघडलं. शब्द आठवत होते, पण त्या बाईच्या आवाजात. तोंडात किडा गेल्यासारखं झालं. मी थुंकले. मागून एक जण कुत्रा घेऊन येत होता, त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं.

मग मी मराठीत बोलले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. उन्हाळा आला, एवढंच म्हणाले, दोनदा, मोठ्याने.