वाघ म्हटलं म्हणून

राजूरच्या पुढच्या डोंगरात तीस वर्षं वनमजुरी करून निवृत्त झालेल्या गहिनीनाथांना एकच खोड होती. कुणी कौतुकानं विचारलं की त्यांचं तोंड थांबायचं नाही. टीव्हीवाल्यांनी नेमकी तीच हेरली. राज्यातली जंगलं, अभयारण्यं आणि भटकंती दाखवणाऱ्या कार्यक्रमासाठी हर्षल नावाचा गोडबोल्या पोरगा कॅमेरा घेऊन आला, ‘काका, काका’ करू लागला आणि काका वाहवत गेले.

“आमच्याकडं वाघ लई. आत्ताबी उंबराच्या घळीत मादी हाय, दोन पिल्लं घेऊन. मी रोज लांबनं बघून येतो.”

गाडी धुरळा उडवत गेली आणि गहिनीनाथ भानावर आले. टीव्हीवर घळीचं नाव गेलं, की शनिवार-रविवारी तंबूत राहायला येणारी झुंड मोबाईल परजत तिथं उतरणार. पिल्लांचे डोळे आत्ता कुठं उघडलेले. मादी बिथरली तर त्यांना टाकून जाईल, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर धावेल, आणि मग तिला पकडायला वनखात्याचा पिंजरा लागेल. सगळं ठाऊक असून जीभ सैल सुटली, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला.

पुढचे आठ दिवस माणूस एका जागी टिकला नाही. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून बांधावर. घळीचं नाव गाळ म्हणून हर्षलला चार फोन केले. “काका, माझ्या हातात नाही हो, सांगून बघतो,” एवढंच तो म्हणायचा. आपल्या मागोमाग कुणी येईल म्हणून गहिनीनाथांनी घळीकडं फिरकणंही सोडलं. बायको सत्यशीला मात्र घरोघर सांगत सुटली होती, “रविवारी सहाला आमचे हे दिसनार हायेत.”

रविवारी घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. टीव्हीवर धरण झालं, काजवे झाले, बोटी आणि तंबू झाले. मग पाण्याचा तांब्या पुढे करणारे गहिनीनाथ दिसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गहिनीनाथांनी डोळे मिटून कान गच्च झाकले. हर्षलचा आवाज आला, “या डोंगरात वाघ नाही, बिबट्या आहे. पण इथल्या भोळ्या लोकांना फरकच कळत नाही. एका काकांनी तर वाघ असल्याचं छातीठोक सांगितलं!”

आणि कार्यक्रम धबधब्याकडे वळला.

घर हसायला लागलं. “काका, वाघाला पट्टे असतात बरं का!” कुणीतरी ओरडलं. सत्यशीला लालबुंद झाली. “आमच्यात बिबट्याला वाघच म्हंत्यात, एवढं कळंना व्हय त्याला? तीस वर्षं तुमी जंगलात काढली आन् ह्यो काल आलेला तुमाला शिकवतोय! लावा फोन, चांगला झापा त्याला!”

गहिनीनाथांनी डोळे उघडले, कानांवरचे हात काढले. “घळीचं नाव घेतलं का गं त्यानं?”

“न्हाई. तुमचं बोलनंच समदं कापलं मेल्यानं.”

आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी छाती भरून श्वास घेतला. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

“आता कुटं निघालात? लोकं हसत्यात आपल्याला!”

“हसू दे. पिल्लं बघितली न्हाईत गं आठ दिस.”