पंधरा वेळा शेक आणि आमची आवणी

तळेघरच्या आमच्या घरात किरणोपचाराचं पत्रक मीच आणलं. संघटनेसाठी लिहिलंही मीच: ‘स्तन काढल्यावर पाच आठवडे किरणं. बाईनं हक्कानं मागावीत.’ आईचं कॅन्सरचं ऑपरेशन होऊन जखम भरली, तेव्हा तेच तिला वाचून दाखवलं.

“पाच आठवडं? ऐन भाताच्या आवणीत?” ती म्हणाली. “रोप जून झाल्यावर खाचरात काय तुझी पत्रकं लावू?”

आजार उलटू नये म्हणून हा किरणांचा शेक होता, आणि ती जाणार नव्हती. माझ्याच कागदामुळे.

कसंबसं पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तीन आठवडे. सोमवार ते शुक्रवार, पंधरा वेळा.” माझं डोकंच फिरलं. पत्रक टेबलावर आपटलं. “गावाकडची बाई म्हणून दहा दिवस कापले का?”

बाई चिडल्या नाहीत. रोजचा डोस थोडा मोठा, म्हणून फेऱ्या कमी. हे कितीतरी बायकांवर तपासून पाहिलंय, गुण तेवढाच येतो. सगळ्यांना चालेलच असं नाही, आईला चालेल. मग पत्रक माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “हे जुनं झालंय.”

तरी आवणी होतीच. आमच्याकडे पडकई असते: आज सगळ्या जणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. शेजारची काकू उंबऱ्यात बसून म्हणाली, “तीनच आठवडं ना? जा तू. तुझं आमी उरकतो. पण वैनी, फेड लागंल.”

“माझा हात वर जात न्हाई गं.”

“मंग ही तुझी लेक हाय की! लई बोलती, जरा वाकूदी.”

आई माझ्याबरोबर पुण्याला गेली. कातडी काळवंडली, जेवण तुटलं, पण एकही दिवस चुकवला नाही. परतलो तेव्हा आमची खाचरं लावून झाली होती. काकूचं वरचं खाचर तेवढं शिल्लक. माझ्यासाठी मुद्दाम ठेवलेलं.

आश्रमशाळा, मग मंचरचं कॉलेज. आवणीला मी कायम बाहेर. बाईच्या कष्टांवर पत्रकं लिहिली, चिखलात कधी वाकले नव्हते. काकूच्या खाचरात दुपारपर्यंत कंबर मोडली, ओळ वाकडी ती वाकडीच.

“काय गं,” काकू ओरडली, “ही आवणी पण पाच आठवडं चालायची का?”

बांधावर बसलेली आई छातीवर हात दाबून हसली, हसताना दुखतं म्हणून. मला भांडायची सवय. त्या दिवशी कुणाशी भांडावं तेच सुचेना. मुठीतलं रोप लावलं आणि एक पाऊल मागे सरकले.